आमच्या घराण्यात कुणाला नाही

आता हसू नका म्हणून सांगणार नाही, कारण तुम्ही हसणारच. मला राग आला की तोंड आधी चालतं आणि डोकं मागून येतं. त्या दिवशी तर डोकं आलंच नाही.

माझी धाकटी बहीण वैशाली, बाळकुमला दिलेली. तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, आणि ही बाई डोक्याला स्कार्फ बांधून शांतपणे भाजी आणायला जाऊ लागली. शांत नव्हतो तो मी. मी मानपाड्याला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मशीन बिघडलं की खोलायचं, दुरुस्त करायचं, चालू करायचं. इथे काही खोलताच येईना. मग राग काढायचा कुणावर? रिक्षावाला, वॉचमन, बायको, जो समोर येईल तो.

एका सकाळी वैशालीचा फोन आला. जेनेटिक टेस्ट केलेली, ती पॉझिटिव्ह आली होती. डॉक्टर म्हणत होत्या, दुसरी बाजूही काढून टाकलेली बरी, आणि अंडाशयंही. टेस्ट कसली होती, विचारलं. ट्युमर सप्रेसर जनुकाची, म्हणाली.

फोन ठेवला आणि मोबाईलवर अर्थ शोधला. गाठ होऊ न देणारं जनुक. आता तुम्हीच बघा. गाठ होऊ न देणारं जनुक, आणि ते पॉझिटिव्ह. म्हणजे आहे ना तिच्याकडे! राखणदार जागेवर उभा आहे, मग धडधाकट अवयव कापायला का निघालेत हे लोक? सांगा, माझं कुठे चुकतंय का?

अशी तिडीक गेली डोक्यात. नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकलं की वैशालीचा रिपोर्ट उत्तम आहे आणि हॉस्पिटलवाले तिला फसवतायत. कल्याणच्या मामांनी लगेच लिहिलं, सोडू नकोस त्यांना. झालं. हाफ डे टाकला आणि ठाण्याला निघालो. वाटेत कळव्याला ट्रॅफिक लागला, तर तिथे नुसतं बसून राग आणखी शिजला.

हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर वैशाली, तिचा नवरा प्रशांत आणि तिच्या सासूबाई बसलेल्या. प्रशांत काहीतरी सांगायला उठला. त्याला म्हटलं, तुम्ही बसा, तुम्हाला बोलता येत नाही म्हणून ही वेळ आली. आणि वैशालीचा नंबर पुकारल्याबरोबर सगळ्यांच्या पुढे मी आत, मागून ते तिघं.

डॉक्टर तिशी-पस्तिशीची मुलगी. तिला मी किती काय काय बोललो ते आता सांगत नाही. थोडक्यात, तुम्ही लुटारू आहात आणि मी अडाणी नाही. माझा दम संपल्यावर तिने विचारलं, "पॉझिटिव्ह म्हणजे काय समजलात?"

"जनुक चांगलं काम करतंय."

"पॉझिटिव्ह म्हणजे त्यात बिघाड सापडला."

मग तिने समजावलं, आणि रागावलेल्या माणसाला कसं समजावावं ते तिच्याकडून शिकावं. शरीरातल्या पेशी सारख्या एकीच्या दोन होत असतात. त्या वेळी आतल्या मजकुराची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. काही जनुकं त्या चुका दुरुस्त करतात, काही जनुकं दुरुस्ती होईपर्यंत पेशीला थांबवून धरतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी निभावून नेते. वैशालीच्या शरीरात चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकाची एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली होती. एका कुठल्याशा पेशीत दुसरीही गेली. मग त्या पेशीतल्या चुका साचत गेल्या आणि ती थांबायची विसरली. एकीच्या दोन, दोनाच्या चार. बाकीच्या सगळ्या पेशी अजून एकाच प्रतीवर चालल्यात, म्हणून पुढची ऑपरेशनं.

शहाणा माणूस इथे सॉरी म्हणून उठला असता. पण माझ्या कानात एकच शब्द अडकला. जन्मापासून. म्हणजे आनुवंशिक. म्हणजे कुणाच्या तरी घराण्यातून आलेलं. आणि मी कुठे वळलो असेन? वैशालीच्या सासूबाईंकडे. म्हटलं, लग्नाच्या वेळी आम्हाला हे सांगायला हवं होतं. आमच्या घराण्यात हे कुणालाच नाही.

प्रशांतने डोळे मिटून घेतले. सासूबाई बाळकुमच्या जुन्या शेतकरी घरातल्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. म्हणाल्या, "भाऊ, ती आमच्या घरी आली तवा आम्ही काय तिचं रगत बदलून घेतलेलं नाय."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तरी मी म्हणतोच आहे, पण आमच्यात कुणाला नाही. वैशाली हळूच म्हणाली, "दादा, आत्या?"

आत्या पोटाच्या गाठीने गेलेली, चाळिशीतच. मी म्हटलं, आत्या लग्न होऊन गेलेली, ती आपल्यात कशी मोजायची? ती त्या घरची.

डॉक्टर पहिल्यांदाच हसली. "जनुकं माहेरी ठेवून जाता येत नाहीत हो." मग हसू आवरून तिने सांगितलं की बहुतेक हे वडिलांकडून आलंय, आणि मीही टेस्ट करून घ्यावी. मी तावातावाने म्हटलं, मी पुरुष आहे. ती म्हणाली, पुरुषांतही हे असतं, आणि पुरुषांकडून मुलींना जातं.

मला चोवीस वर्षांची मुलगी आहे.

टेस्ट केली. मलाही आहे. मुलीची करायचीय अजून. ती म्हणते, बाबा, तुम्ही नका येऊ डॉक्टरांकडे.

वैशालीचं पुढचं ऑपरेशन नीट झालं. ती घरी आल्यावर मी बाळकुमला गेलेलो, माफी मागायला आणि माझा रिपोर्ट सांगायला. माफी राहिली बाजूला, रिपोर्टच आधी सांगितला. वाटलं, आता रडेल. ती उशी सरकवून नीट टेकून बसली.

मग म्हणाली, "बाबांचं घर तुला, गावची जमीन तुला. हक्कसोडीवर सही करताना मी एक अक्षर बोलले नाही. चला, हे तरी त्यांनी दोघांना सारखं दिलं."

सासूबाईंनी तेवढ्यात चहा आणून माझ्यासमोर ठेवला. मी घोट घेतला. चहात साखर नव्हती. मी सगळा प्यायलो.