कलाबाई थांबली नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, मुलांना नाही, देवासमोर बसून मनातल्या मनातही नाही. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. शिवाय गोष्ट एका पुस्तकाची आहे, आणि पुस्तक म्हटलं की वाचणारे जरा सैल होऊन ऐकतात. तर ऐका.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता. लग्न होऊन मी गोंडपिपरीच्या पुढे, वैनगंगेच्या काठी, एका लाकडाच्या डेपोवर राहायला गेले. हे तिथे कारकून होते. डेपो म्हणजे सागाच्या लाकडांच्या थप्प्या, दोन क्वार्टरं, आणि पलीकडे पंधरावीस घरांचं गाव. बाकी जंगल. पावसाळ्यात जंगलातली तोड बंद व्हायची, गाड्या थांबायच्या, आणि हे हिशेबाच्या कामाला चांद्याला जाऊन बसायचे. मी चांद्याची मुलगी. शेजारच्या घरातलं भांडं वाजलं तर ते आपल्या घरात ऐकू यायला हवं, अशा वस्तीत वाढलेली. इथे भर दुपारीसुद्धा थप्पीतली लाकडं कडकन तडकायची, आणि मी हातातलं टाकून दाराला कडी घालायची. वाळताना लाकूड तडकतंच, हे मला माहीत होतं. माहीत असून काय उपयोग?

मला सोबत होती ती यमुनाची. घरकामाला यायची, पण खरं तर मी तिला सोबतीलाच ठेवली होती. माझ्याच वयाची. तिचा नवरा दोन पावसाळ्यांपूर्वी डोंगा घेऊन नदीत गेला होता. डोंगा खाली वाळूत अडकलेला सापडला. तो सापडला नाही. काठावर काढून ठेवलेले त्याचे जोडे तेवढे मिळाले. ते तिने घरात आढ्याला अडकवून ठेवले होते. कपाळाला ती कुंकू लावत होती आणि लावत नव्हती — म्हणजे एखाद्या दिवशी लावायची, एखाद्या दिवशी नाही. कुणी टोकत नसे.

आता पुस्तकाचं. बदलून गेलेल्या रेंजरच्या बायकोने मागे एक कादंबरी टाकली होती. इंग्रजीवरून मराठीत केलेली, वरचा पुठ्ठा गेलेला, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नाही. विलायतेतली, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली गोष्ट. क्लारा नावाची एक मुलगी. तिचं लग्न एका कप्तानाशी ठरतं, तो जहाज घेऊन जातो आणि समुद्रात नाहीसा होतो. मग गावात एक डॉक्टर येतो. विधुर, अबोल, सज्जन. सगळं पुस्तकभर माणसं चहा पितात, पावसात फिरतात आणि मनातलं बोलत नाहीत.

भाताची रोवणी आटोपल्यावर बायकांना दुपार मोकळी असायची. पोथी वाचता का, म्हणून त्या विचारायला आल्या. माझ्याकडे पोथी नव्हती. मी गंमत म्हणून ही कादंबरी काढली — आणि त्यांनी तिची पोथीच केली! चौरंगावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. पोथीचे सगळे नियम तिला लागू झाले. वाचणारीने मधेच उठायचं नाही, अक्षर गाळायचं नाही, आणि समाप्तीच्या दिवशी गुळखोबरं वाटायचं. समाप्तीला जे कानावर पडेल ते घरी न्यायचं, कारण पोथीचं फळ शेवटच्या अध्यायात असतं. मला हसू यायचं. पण सांगते, त्या बायकांइतकं मन लावून ती कादंबरी विलायतेतसुद्धा कुणी वाचली नसेल.

रोजचं वाचन संपलं की प्रत्येक बाई आपलं मत द्यायची. क्लाराची तर त्यांनी पहिल्याच दिवशी कलाबाई केली. सगुणाबाई म्हणून एक म्हातारी होती, पलीकडच्या जंगलातल्या पाड्यावरची, गळ्यात राणीछाप रुपयांची माळ. ती माळ हातात धरून विचारायची, "हेच का वो थे राणी?" मी हो म्हटल्यावर ती राणीच्या तोंडाकडे जरा रागाने बघायची. कलाबाईचा जीव जातो आहे आणि ही काही करत नाही, असं तिचं म्हणणं. पाटलाच्या सुनेला पुस्तक पसंत होतं, कारण पोरींसमोर वाचता येत होतं. "काऊन बाई, येवढ्या पुस्तकात कोनी कोनाचा हात बी नाई धरला!" असं तीच म्हणायची, आणि ती तक्रार होती की कौतुक, ते मला कधी कळलं नाही. बहुतेक सगळ्या डॉक्टरच्या बाजूच्या होत्या. सगुणाबाईने तर निकालच दिला होता. "पाण्यानं नेलेला मानूस येत नसते. डागदर चांगला हाये, करू दे तिले पाट."

यमुना मात्र कधी काही बोलायची नाही. भिंतीला टेकून बसायची, आणि मी पान उलटलं की तिचा श्वास ऐकू यायचा.

कारण तिलाही पाट लावायला, म्हणजे दुसरं लग्न करायला, विचारलं होतं. तिच्या लोकांत रीतच होती, त्यात वावगं काही नव्हतं. डोमा नावाचा गाडीवान, चिमूरकडचा, बायको गेलेली, पदरी चार वर्षांची मुलगी. माणूस भला. तो आला की ती पोरगी सरळ यमुनाच्या मांडीवर जाऊन बसायची, कुणी न सांगता. सगळं जुळल्यातच जमा होतं. फक्त यमुनाने हो म्हणायचं राहिलं होतं.

समाप्तीच्या आदल्या दिवशी भांडी घासता घासता ती मला म्हणाली, "बाई, उद्या डोमा येऊन राह्यला जवाब घ्याले. मी त्याले सांगतलं, पोथी सरू दे. कलाबाई करन तं मी बी करीन."

मी काय म्हटलं असेल? "बरं," म्हटलं.

पुढचं मी वाचून ठेवलं होतं. कलाबाई काय करते ते मला ठाऊक होतं.

त्या दिवशी मी दाराशी उभी राहून नुसती थप्प्यांकडे बघत राहिले. यमुना चिमूरला जाईल. हे चांद्याला जातील. आणि मी या तडकणाऱ्या लाकडांत एकटी. एवढंच — एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं. तिचं काय होईल हा विचारच मला शिवला नाही. यातलं जास्त वाईट काय, तुम्ही ठरवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरी भरली. पाऊस लागून होता. डोमा गाडी सोडून पायरीवर बसला होता, नवा फेटा बांधून. पोरगी यमुनाच्या मांडीवर. यमुनाने कुंकू लावलं नव्हतं, केस मात्र नीट विंचरले होते. मी पुस्तकाला फूल वाहिलं आणि शेवटचं प्रकरण उघडलं.

पहिली दोन पानं जशीच्या तशी वाचली. मग डॉक्टर विचारतो — आणि तिथे माझी नजर कागदावर राहिली, तोंड मात्र आपलं आपण बोलू लागलं. कलाबाई नाही म्हणाली. ती म्हणाली, माझा माणूस पाण्यात आहे, मेलेला नाही. डॉक्टर निघून गेला. ती दिवा लावून बसली. आणि एके दिवशी तिन्हीसांजेला तिने दार उघडलं, तर उंबऱ्याशी त्याचे जोडे होते. ओले. आत नदीची वाळू.

कप्तान समुद्रात बुडाला होता. नदीची वाळू कुठून आली? मलाच माहीत नाही. पण कुणाच्या ध्यानात आलं नाही. ओसरीत एकही बाई हलली नाही. मी इतकं चांगलं कधी वाचलं नव्हतं, आणि हे सांगताना अजूनही मला थोडासा अभिमान वाटतो. त्याची लाज वाटते, पण वाटतो.

पुस्तक मिटलं. गुळखोबरं वाटलं. पाटलाची सून डोळे पुशीत म्हणाली, शेवट लय चांगला. सगुणाबाईला पटलं नाही. ती माळ चाचपत माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं, हिला कळलं. तिला अक्षर येत नव्हतं, तरी वाटलं.  यमुनाने पोरीला मांडीवरून उचलून खाली ठेवलं. हळूच, एखादं भरलेलं भांडं ठेवावं तसं. पोरगी परत चढायला लागली, तर यमुना उठून आत गेली.

डोमा पावसातच गाडी जुंपून निघाला. पोरगी बराच वेळ रडताना ऐकू येत होती. मी पुस्तकाच्या कडेवरचं कुंकू पुसत बसले होते.

मला हवं होतं ते मिळालं. यमुना राहिली. पण ती सोबतीला उरली नाही. काम करताना मधेच थांबायची, मान वळवून नदीकडे कान लावायची. तिन्हीसांज झाली की तवा चुलीवर टाकून घरी पळायची. दोन माणसांचा भात रांधते, असं बायका म्हणू लागल्या. मी म्हटलं, होईल कमी.

मग अश्विनातला तो दिवस. पाऊस थांबून आठवडा उलटला होता, अंगणातली माती फुटायला आली होती. यमुना सकाळपासून माझ्याकडेच होती. पापड-कुरड्यांना ऊन दाखवत आम्ही दिवसभर एकत्र होतो, ती पाण्यालासुद्धा गेली नव्हती. संध्याकाळी एकटीला जाऊ द्यावंसं वाटेना, म्हणून मी तिला पोचवायला गेले. तिने कुलूप नसलेली कडी काढायला हात घातला — आणि थांबली.

उंबऱ्याशी जोडे होते. पुरुषाचे. बोटं आत, टाचा आमच्याकडे, घरात शिरताना काढून ठेवावेत तसे. ओले इतके, की खाली पाणी साचलं होतं. सभोवतालची माती कोरडी ठक्क. पाऊल एकही नाही.

मी वाकून बघितलं. बघायला नको होतं. आत वाळू होती.

मी मागे सरकले. यमुनाला मात्र जराही भीती वाटली नाही. तिने खाली बसून त्या चामड्यावर हात फिरवला आणि माझ्याकडे बघून हसली. दोन वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. "येऊन राह्यले ना, बाई," ती म्हणाली. "पोथीत हाये तसंच."

कुणी केलं असेल? गावातल्या कुणी टवाळाने? ते जोडे तर आढ्यावर असायचे, कोणीही काढून नदीत बुडवून आणू शकला असता. मी हे स्वतःला हजारदा सांगितलं आहे. आणि हजारदा आठवलं आहे, की त्या वेळी कडी बाहेरून होती आणि आतून चुलीला फुंकर मारल्याचा आवाज येत होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. यमुना, ते पोथीत नव्हतं, मी रचलं. एवढे चार शब्द. तिचा हात धरून तिला ओढत नेता आलं असतं, डोमाला निरोप धाडता आला असता, त्याचं अजून कुठे जमलं नव्हतं. मी काय केलं? मी पळाले. घरी येऊन दार लावून घेतलं, आणि उजाडल्यावर यांना निरोप पाठवला, की बदली मागा, मला इथे करमत नाही.

बदली मिळाली. हो — जिला सोबतीसाठी अडवलं, तिला तिथेच सोडून मी निघाले. निघताना यमुनाने एकच गोष्ट मागितली, ती पोथी. ठेवून पूजा करीन म्हणाली. मी दिली नाही. गावात उद्या शाळा होईल, कुणी वाचून दाखवेल, ही भीती. पुस्तक सरकारी आहे असं खोटं सांगितलं, आणि लुगड्यांच्या घडीत घालून घेऊन आले.

बऱ्याच वर्षांनी डेपोवरचा म्हातारा चौकीदार चांद्याला आमच्याकडे आला होता. मी चहा केला, आणि विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं. यमुना आहे, म्हणाला. त्याच घरात. केस पांढरे झाले. रोज दोन ताटं वाढते. कुणाचं नुकसान करत नाही. आणि म्हणाला, आता त्या गावात आणि नदीच्या दोन्ही काठांवर कुणा पोरीचा नवरा गेला आणि घरातल्यांना तिला पाट लावू द्यायचा नसला, की म्हाताऱ्या तिला कलाबाईची पोथी सांगतात. कलाबाई थांबली, तू बी थांब. दोघीतिघी तशा थांबल्या आहेत.

जाताना दारात त्याला आठवलं. "तिनं तुमाले निरोप देल्ला होता," तो म्हणाला. "बाईले सांगजा म्हने, पोथी खरी निघाली."

पुस्तक अजून माझ्याकडे आहे. शेवटचं पान शाबूत आहे. त्यात पाऊस नाही, जोडे नाहीत, वाळू नाही. उन्हाची वेळ आहे, कलाबाई डॉक्टरच्या अंगणात बसली आहे, आणि त्याची बिनआईची मुलगी तिच्या मांडीवर झोपली आहे.