प्रिमी मावशीनं ॲसिड कुणालाच दिलं नाही

ओरुरो या खाणींच्या शहरातल्या आमच्या तंत्रनिकेतनात रसायनाच्या प्रयोगशाळेमागे एक लांबट खोली होती. प्रात्यक्षिकांची सगळी तयारी तिथे व्हायची आणि ती प्रिमितिवा आयाविरी करायची. पोरांची ती प्रिमी मावशी. मी एलोय, शेजारी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस. दोन्ही खोल्यांना मिळून एकच नळ, त्यामुळे तिची बोलणी मी पोटभर ऐकली आहेत.

हिवाळ्यात सकाळी नळातलं पाणी गोठलेलं असायचं. ती स्टोव्हवर बर्फ वितळवून काचसामान धुवायची, मग एकेक फ्लास्क खिडकीच्या उजेडात उलटा धरायची. पाणी काचेवरून सलग उतरलं तर ठीक. कुठे थेंब अडकून राहिला, तर काच तेलकट आहे, पुन्हा धुवायची. द्रावणं बनवताना मात्र ती कुणाशी बोलत नसे. कुणी पोरगं थेट खानावळीतून आलं, तर दारातच म्हणे, "तेलकट बोटं घेऊन ब्युरेटला हात लावायचा नाही. जा, धुऊन ये."

टिनच्या खाणी बंद पडल्या त्या वर्षी खाणवस्त्यांमधली घरंच्या घरं रस्त्यावर आली. प्रिमीचा भाऊही त्यातच होता. विद्यार्थ्यांनी संप केला आणि तंत्रनिकेतन ताब्यात घेतलं. नोकरांपैकी बहुतेक जण घरी बसले. प्रिमी रोज येत राहिली. स्टोव्हवर चुन्योचं, म्हणजे गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचं, सूप शिजवून पोरांना वाढायची. ती त्यांच्या बाजूची आहे, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

म्हणूनच नीवेस तिच्याकडे आली. नीवेस दुसऱ्या वर्षाची, खाणवस्तीतली, संपाची पुढारी. बोलायला लागली की मोठमोठे पुरुष गप्प बसत. पलटण शहरात शिरल्याची बातमी होती. नीवेस दोन पोरांना घेऊन दारात उभी राहिली आणि गंधकाचं ॲसिड मागू लागली. बाटल्यांत भरून फेकायचं होतं.

"आमच्याकडे नुसते दगड आहेत, मावशी. त्यांच्याकडे बंदुका आहेत."

"ठाऊक आहे मला."

"मग दे ना."

प्रिमी हातातला फ्लास्क पुसत राहिली. "त्या बंदुकीमागे कोण असतं माहीत आहे? आपल्याच चल्लापाता नाहीतर उनसिया गावचा पोरगा, भरतीत धरून आणलेला. त्याचे डोळे जातील आणि हुकूम देणारा घरी जेवत बसेल. मी बनवते ते वर्गात जातं, नीवेस. कुणाच्या तोंडावर जाणार नाही."

"म्हणजे तू त्यांच्या बाजूची."

"तुझ्या बाजूची आहे म्हणून सूप देते. ॲसिड देणार नाही."

नीवेस म्हणाली, आम्ही कुलूप तोडू. प्रिमी म्हणाली, तोडा.

पण कुलूप एका पहारीचं गिऱ्हाईक आहे, हे तिलाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी पोरं मोर्चाला गेली, तेव्हा तिनं मला हाक मारली आणि बागेच्या कोठीतला चुना आणायला सांगितलं. मागच्या अंगणात तिनं मोठाले टब पाण्यानं भरून ठेवले होते. कोठारातल्या ॲसिडच्या बरण्या एकेक करून आणायची, धार बारीक ठेवून पाण्यात सोडायची, मग मी मूठमूठ चुना टाकायचा. टब तापत, पांढरं पाणी खदखदायला लागे; चुन्यानं ॲसिड मेलं की ते गटारात सोडायचं. नाकाला फडकं बांधूनही घसा जळत होता. एवढा साठा मिळवायला ती कित्येक वर्षं संचालकांच्या दाराशी उभी राहिली होती. शेवटची बरणी उपडी करताना म्हणाली, "पुढच्या सहामाहीचे सगळे प्रयोग चालले बघ गटारात." आणि मग माझ्यावरच ओरडली, की चुना टाकताना हात का आखडतोस.

पोरं परत आली आणि त्यांनी रिकाम्या बरण्या पाहिल्या. नीवेस तिच्यासमोर जमिनीवर थुंकली आणि तिला संचालकांची कुत्री म्हणाली. प्रिमीनं संध्याकाळचं सूप नेहमीसारखंच शिजवलं. त्या दिवशी ते फारसं कुणी प्यायलं नाही.

दोनच दिवसांत पलटण आत घुसली. नीवेससकट सगळे पुढारी पकडले गेले. पाठोपाठ संचालक उर्किदींनी प्रिमीला बोलावून घेतलं. मलाही नेलं. खोलीत एक लष्करी अधिकारी बसला होता. उर्किदी फार गोड बोलत होते. कोठारातलं ॲसिड नाहीसं झालंय, ते विद्यार्थ्यांनी पळवलं, एवढंच बाईंनी साहेबांसमोर सांगायचं. नोकरीला धक्का लागणार नाही, उलट पगाराचंही बघता येईल. तेवढ्या एका वाक्यावर पोरांवर बॉम्ब बनवल्याचा खटला उभा राहणार होता. कित्येक वर्षं तुरुंगात गेली असती.

"पोरांनी नाही नेलं," प्रिमी म्हणाली. "मी ओतलं."

"बाई, नीट विचार करून बोला. सरकारी माल नासवलात असा अर्थ होतो त्याचा."

"होऊ दे. मागच्या अंगणात गटार अजून पांढरं आहे. या, दाखवते."

अधिकाऱ्यानं विचारलं, तुला त्या पोरीनं शिकवून ठेवलंय का? प्रिमी त्याच्याकडे बघून म्हणाली, "ती पोरगी माझ्या तोंडावर थुंकायची बाकी होती, साहेब. तिच्यासाठी खोटं बोलायला मला काय पडलंय? आणि तुमच्यासाठी तरी काय?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चुना मी टाकला, असं मी सांगितलं.

तिला त्याच दिवशी काढून टाकलं. मला ताकीद मिळाली. ती घरी बसली नाही. ॲप्रन घालून रोज सकाळी फाटकाबाहेर उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ॲसिड मी ओतलं. शिपायानं हाकललं की समोरच्या फुटपाथवर जायची. शिक्षक संघटनेच्या वकिलाच्या कानावर ते गेलं. त्यानं तिला न्यायाधीशांसमोर उभं केलं आणि तिथेही तिनं तेच सांगितलं. पळवलेलं ॲसिड म्हणून दाखवायला कुणाकडे काहीच नव्हतं. काही आठवड्यांनी पोरं सुटली.

नीवेस प्रिमीच्या घरी आली तेव्हा मी तिथे होतो. वाळली होती. आभार वगैरे काही नाही. बसल्या बसल्या म्हणाली, "तरी तू द्यायलाच हवं होतंस."

"नाही दिलं. पुन्हा मागितलंस तरी नाही देणार. सूप घे."

तिनं वाडगा उचलला आणि दोघी भांडत भांडत जेवल्या.

पुढच्या वर्षी उर्किदींची बदली झाली. नवे संचालक तेहेरिना सभ्य माणूस. त्यांनी निरोप धाडला, की झालं गेलं विसरून कामावर यावं. प्रिमीनं उलटा निरोप पाठवला: या बाईनं खरं सांगितलं आणि तिला काढलं ते चूक होतं, असं सगळ्यांसमोर अंगणात म्हणाल तर येते. आम्हाला वाटलं, आता संपलं हिचं. पण एका सोमवारी सगळे अंगणात जमले आणि तेहेरिना जमिनीकडे बघत ते वाक्य पुटपुटले.

"मागच्यांना ऐकू आलं नाही," प्रिमी म्हणाली.

त्यांनी मान वर केली आणि ते पुन्हा, मोठ्यानं म्हटलं. मग तिनं कोठाराची किल्ली घेतली.

कोठार रिकामंच होतं, नवा माल यायला महिने लागणार होते. प्रिमीनं वाट पाहिली नाही. बाजारातून लिंबं आणली, धुण्याचा सोडा आणला, जांभळा मका उकळून त्याचं रंगीत पाणी काढलं. ते आंबटात लाल होतं आणि सोड्यात हिरवट. पहिल्याच आठवड्यात टेबलांवर ब्युरेट, त्या रेघा-आकड्यांच्या काचनळ्या, उभ्या राहिल्या, प्रत्येकीत गाळलेला लिंबाचा रस.

नीवेस आपल्या ब्युरेटसमोर उभी होती. "मावशी, आता हे तरी फेकू का कुणावर?"

"फेक," प्रिमी म्हणाली. "पण आधी आकडा वाच. डोळा रसाच्या पातळीशी सरळ ठेव, अशी वाकू नकोस."