संध्याकाळी मिटलेली आंबुटी

आमच्या खालच्या मजल्यावरचे घड्याळजी इतके सज्जन, की समोर बाई आली तर भिंगातूनसुद्धा बघत नाहीत. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणते आणि ते कानापर्यंत लाल होतात. लग्न केलं नाही. आई लहानपणीच गेली. वाढवलं ते मोठ्या वहिनींनी. त्या खुबा मोडून खिडकीशी आडव्या पडल्या, तसं यांचं दुकान जास्तच वेळ उघडं राहू लागलं. गिऱ्हाईक असो नसो.

एका सकाळी ते दुकानात निघाले असताना वहिनींनी हाक मारली, "भावजी, खिडकीखाली तण माजलंय. उपटाल का? पिवळ्या फुलांची आंबुटी तेवढी ठेवा."

घड्याळजी उगवले दिवेलागणीला. भिंग लावून, ओणवे होऊन शोधलं, पिवळं फूल एक नाही! माना टाकलेली कसली तरी नाजूक पानं पसरली होती. वाळलेलंच दिसतंय म्हणून तीही मुळासकट काढली, कचऱ्यात टाकली आणि हात झटकत आत गेले.

"चकाचक केलं, वहिनी! आंबुटी मात्र आधीच मेलेली दिसली."

वहिनींनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, "मेली नव्हती हो. ऊन उतरलं की ती फुलं मिटते, पानं खाली पाडते. सकाळी पुन्हा उघडते. दिवसभर तेच बघायचे मी. तुम्ही कुठे असता दिवसा?"

त्या रात्री घड्याळजी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी बसथांब्यामागे हे गुडघ्यांवर. मी म्हटलं, "काय हो, स्क्रू हरवला?"

"पाप झालंय माझ्या हातून," म्हणाले. मी आपली गप्प बसले. मला ते फारसं जमत नाही.

पिवळ्या फुलाचं, तीन-तीन पानांचं रोप त्यांनी घरी नेलं. वहिनींनी मान हलवली. "ही पानं लांबट आहेत. आंबुटीची पत्त्यातल्या बदामासारखी असतात. आणि चावून बघा, आंबट लागते."

झालं! घड्याळजी रस्ताभर पानं चावत हिंडले. "गायीगुरांना ठेवा थोडं," मी गॅलरीतून ओरडले. शेवटी ती सापडली आमच्याच नळाशेजारी, गटाराच्या कडेला. त्यांनी मातीसकट उचलून खिडकीखाली लावली, तर तिने लगेच मान टाकली. यांचा चेहरा तिच्याहून पडलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद. मी वहिनींना चहा द्यायला खाली गेले, तर घड्याळजी त्यांच्या पलंगाजवळ स्टुलावर बसलेले. ऊन खिडकीपर्यंत सरकलं, तशी पानं हळूच वर आली.

"दुकान?" वहिनींनी विचारलं.

"जाईन. तुम्ही पडलात तेव्हापासून... मला बघवत नव्हतं, वहिनी. म्हणून तिकडेच बसून राहायचो."

"ठाऊक आहे. बसा आता. एक कळी राहिलीय उघडायची."

त्यांनी घाईघाईने भिंग डोळ्याला लावलं. भिंगाची काच ओली कशी झाली, ते मी विचारलं नाही.