घासून टाकलेल्या वळ्या

नालबंदाला त्या भागातल्या सगळ्या तबेल्यांत ‘पॉलिश’ म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. नाल ठोकणारे आणखी होते. पण काम झाल्यावर खुराचा सगळा दर्शनी भाग कानशीने घासून, वर तेलाचा हात फिरवून, बघत राहावा असा गुळगुळीत करून देणारा तो एकटाच. धंदा बापाचा. गिऱ्हाईक घोड्याच्या पोटात बघत नाही, पायांकडे बघतं, असं बाप म्हणायचा. बायको म्हणायची, या माणसाने घरातल्या टेबलाचे पाय इतक्या मायेने कधी पुसले असते तर!

शहराच्या टोकाला एका बाईंची घोडेस्वारीची शाळा होती. तिथली एक तांबडी घोडी आता म्हातारी झाली होती. कितीतरी मुलं तिच्याच पाठीवरून पडायला आणि पुन्हा चढायला शिकली होती. तिच्यावर खोगीर चढणं कधीच थांबलं होतं. बाईंचे वडील, आबा, तिचं सगळं बघायचे. सकाळी फाटक उघडून तिला कुरणात सोडायचे आणि मागून हळूहळू चालायचे. दोघांपैकी कुणी पळून जाईल ही भीती नाही, असं बाई चेष्टेने म्हणायच्या.

गेली दोन-तीन वर्षं नालबंदाला तिच्या पुढच्या खुरांवर आडव्या, उंचावलेल्या वळ्या दिसत होत्या. वळ्या सगळ्याच खुरांवर येतात. चारा बदलला, हवा बदलली की येतात, पण त्यांच्यातलं अंतर सारखं असतं. या वळ्या पुढे दाटलेल्या आणि टाचेकडे फाकलेल्या होत्या. खुराच्या आत काहीतरी बिनसून गेल्याची ती खूण, हे त्याला बापानेच शिकवलं होतं. तरी दर खेपेला त्याने त्या घासून टाकल्या. लपवायच्या म्हणून नाही. ओबडधोबड खूर सोडून उठणं त्याला जमत नसे. शिवाय सांगितलं की प्रश्न आले, आणि घोडं लंगडलं की पहिलं बोट नालबंदाकडेच वळतं, हे तो लहानपणापासून बघत आला होता.

मग नव्या पालवीच्या दिवसांत एका सकाळी घोडी जागची हलेना. पुढचे पाय लांब टाकून, सगळं वजन मागे रेलून उभी. डॉक्टर आली. वयाने लहान, बोलायला मोजकी. तिने खुरांवर तळहात ठेवले, ते तापले होते. घोट्यामागची नाडी ठणकत होती. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारा पदर सुजलाय, ती म्हणाली. कोवळ्या गवतात साखर असते, ती बाधते. नाहीतर म्हाताऱ्या घोड्यांना हार्मोनचा आजार होतो. मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी बिघडते, अंगावरचे केस वेळेवर गळत नाहीत, आणि हा त्रास पुन्हा पुन्हा उलटतो. आधी कधी असं झालं होतं का, तिने विचारलं.

“कधीच नाही,” बाई म्हणाल्या. “खूर बघा ना. एक रेघ नाही.”

डॉक्टरने वाकून खूर पाहिले. नालबंद शेजारीच होता. त्याने हातातली कानस पाठीमागे नेली, आणि आपण ती पाठीमागे नेली हे त्याच्या लक्षात आलं. हिचे थंडीतले केस अजून गळायचे राहिलेत, रक्त तपासायचं का, असं डॉक्टर म्हणाली. तिचे केस दरवर्षीच उशिरा गळतात, असं बाईंनी सांगितलं. पहिलीच वेळ म्हटल्यावर डॉक्टरनेही जोर धरला नाही. गवतच, असं ठरलं.

गवत म्हणजे आबा. बाई सगळ्यांसमोर त्यांना बोलल्या. कोवळ्या गवतावर सोडू नका म्हणून किती घसा कोरडा केला, पण ऐकतंय कोण. कुरणाच्या फाटकाला कुलूप लागलं आणि आबा तबेल्यात यायचे बंद झाले. वाळल्या चाऱ्यावर घोडी सावरली. नालबंद येता-जाता व्हरांड्यात बसलेल्या आबांना हात करायचा, आबाही करायचे. घोडी बरी झाली ना, मग झालं तर, असं तो स्वतःला बजावायचा. घरी बायकोने विचारलं, जेवण उतरत नाही का, तर त्याने दाताचं निमित्त सांगितलं.

पानगळीत, कुलूप तसंच असताना, घोडी आडवी झाली.

या वेळी डॉक्टर एक्स-रेचं छोटं यंत्र घेऊन आली. खुरातल्या हाडाचं टोक तळव्याकडे कललेलं होतं. हे आजचं नाही, ती म्हणाली, आणि नालबंदाकडे वळली.

“काका, खुरांवर वळ्या यायच्या का?”

बाई त्याच्या वतीने नाही म्हणणारच होत्या.

“यायच्या,” नालबंद म्हणाला. “मी घासून टाकायचो.”

डॉक्टर रागावली नाही. कधीपासून, कोणत्या ऋतूत जास्त, एवढंच तिने विचारलं. रक्त काढलं. हार्मोनच्या आजाराचा अंदाज खरा निघाला तर जन्मभर रोज एक गोळी. चारा पाण्यात भिजवून, साखर उतरवून द्यायचा. खुराचं टोक आखूड करायचं, तळव्याखाली मऊ गादी बांधायची. आणि वरून कानस लावायची नाही, वळ्या मला दिसल्या पाहिजेत. तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही.

“आबांना तुम्हीच सांगा,” त्या म्हणाल्या. “माझ्याने व्हायचं नाही.”

आबांनी व्हरांड्यात सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे गवताने नव्हतं?”

“नुसतं गवताने नव्हतं, आबा.”

“मला दिसायच्या रे त्या वळ्या. रोज तिच्यासोबत असायचो ना. तू येऊन गेलास की नसायच्या. मला वाटायचं, तू बऱ्या करतोस.”

हा टोमणा असता तर नालबंदाने तो सोसला असता. पण आबा सरळच बोलत होते. ती उभी राहील का, असं त्यांनी विचारलं. आज खुराचं टोक कमी केलंय, बघू, असं तो कसंबसं म्हणाला. तिच्याजवळ जायचं म्हणून आबा उठायला लागले. नालबंदाने हात पुढे केला. आबांनी तो नेहमीसारखा विश्वासाने धरला, आणि नालबंदाला तो काढून घ्यावासा वाटला.