उठले की सांगा

सिस्टर देवाशी ओरडून बोलायच्या. भिवंडीतल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर यंत्रमाग आहेत. त्यांची खडखड दिवसभर, त्यामुळे घरात मीठ मागायचं तरी घसा ताणावा लागतो. पण प्रार्थनासुद्धा? एकदा मी चेष्टेनं विचारलंच. "हळू बोलले तर लूमच्या वर आवाज जाईल का, भाऊ?" त्या म्हणाल्या. प्रसूतिगृहात नर्स म्हणून जन्म काढलेली ख्रिस्ती बाई. भिंतीपलीकडे राहणाऱ्या मला त्यांच्या मुलीच्या बदलीपासून मिस्टरांच्या दम्यापर्यंत सगळं आपोआप कळायचं.

माझी बायको सुमन गेली तेव्हा मात्र मला त्यांचा राग आला. दहाव्याच्या आधीच त्या येऊन बसल्या आणि मोठ्यानं देवाकडे मागणं सुरू केलं. मी तोडून टाकलं, "सिस्टर, तुमचा देव तुमच्यापाशीच ठेवा."

"ठेवते," त्या म्हणाल्या, "पण मी बसते."

पुढे दोन महिने रोज दुपारी त्या येऊन बसत, मेथी निवडत. देवाचं नाव नाही. त्यांनी यावं असं मला वाटायचं आणि ते बोलून दाखवायची लाजही वाटायची.

नंतर कधीतरी मी आठ दिवस अंबाडीला बहिणीकडे जाऊन आलो. परतलो तर नळाला पाणी नाही. टाकीचं सगळं सिस्टरांचे मिस्टर बघायचे, म्हणून त्यांचं दार वाजवलं. सिस्टरांनीच उघडलं.

"मिस्टर आहेत का?"

"ते प्रभूत निजले, भाऊ."

खाली लूम जोरात होत्या. मला 'निजले' एवढंच ऐकू आलं. "असू दे, उठले की सांगा," मी म्हणालो.

"सांगते," त्या म्हणाल्या.

जिन्यात खालचा लूमवाला भेटला. "सर, आपको पता नहीं? अंकल गुजर गये. परसों मिट्टी हुई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच वर गेलो आणि हात जोडले.

"माफी कसली मागता?" सिस्टर म्हणाल्या. इतक्या हळू, की मला पुढे वाकावं लागलं. "जो येतो तो 'गेले, गेले' म्हणतो. 'उठले की' असं तुम्ही एकट्यानंच म्हटलंत. शेवटच्या दिवशी ते उठतील, माझा विश्वास तोच आहे हो. पण सकाळी चहाला दुसरा कप हातात येतो, तेव्हा विश्वास पुरत नाही. आज जरा पुरला."

मग मी कोणालाच न विचारलेलं विचारलं. "आणि सुमन? ती उठेल?"

सुमन चतुर्थी करणारी, तुळशीला पाणी घालणारी. खोटा धीर देणं सिस्टरांना अवघड नव्हतं, जन्मभर पेशंटना दिलाच असेल.

"मला ठाऊक नाही, भाऊ. पण मी देवाला रोज विचारीन."

थोड्याच दिवसांत मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली आणि शेजारच्या दाराला कुलूप लागलं. दर रविवारी फोन यायचा. "काही कळलं का?" मी विचारायचो. "विचारतेय. सोडत नाही मी त्याला," त्या म्हणायच्या. मग गुडघे, भाजी, टाकी. त्या पाच मिनिटांवर माझा आठवडा निघायचा.

गेल्या महिन्यात त्यांच्या नंबरवरून मुलीचा फोन आला. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं, म्हणाली.

एव्हाना सिस्टरांनी समोर उभं राहून विचारलं असेल. उत्तरही मिळालं असेल. मला सांगायला मात्र आता कोणी नाही.