निंबाखालचा रांजण

माझी बायको एस्तेर गेली त्या सकाळी मला प्रार्थना करवेना. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे मी मिशनच्या शाळेत पोरांकडून रोज म्हणवून घेणारा मास्तर, पण ते शब्द माझ्याच तोंडून निघेनात. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षे झाली होती, वैशाख चालू होता. समुद्रपूर तालुक्यातल्या त्या गावात ख्रिस्ती घर आमचे एकच. एस्तेरला देवी आल्या आणि गावाने दारे लावून घेतली. देवी आणणाऱ्या मातामायला मानत नाहीत, तिचाच कोप झाला, असेही लोक बोलले. रागावू तरी कुणावर? प्रत्येकाच्या घरात लेकरे होती.

आमच्यात माती देतात. घरामागे जागा होती, पण हात लावायला कुणी नव्हते. वैशाखातली काळी जमीन दगडासारखी. कुदळ मारली की हातांना झिणझिण्या येत आणि नुसती ढेकळे उडत. ऊन चढत होते, घरात ती एकटी होती. गुडघाभरही खणून होईना, तेव्हा मी मटकन खाली बसलो आणि देवाला म्हणालो, तिने तुझ्यासाठी एवढे केले, तुला चार माणसे पाठवता येत नाहीत?

एवढे म्हणजे काय, तर पाणी. गिरडच्या दर्ग्याची वाट आमच्या दारावरून जाते. निंबाखाली तिने रांजण ठेवला होता, आणि तो भरल्याशिवाय ती चहाचा घोट घेत नसे. कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे तिने कधी विचारले नाही. मी थट्टा केली की म्हणायची, “तहानला माणूस येशूचाच पाहुणा असते जी.”

तेवढ्यात दारातून हाक आली, “मास्तर, रांजण काऊन कोरडा हाय आज?” दर्ग्याला निघालेले चौघे होते. पुढे दरवर्षी पाणी पिऊन जाणारे म्हातारे चाचा, तोंडभर देवीचे वण. मी लांबूनच ओरडलो, “जवळ येऊ नका. देवी आल्या होत्या तिला. गेली ती.”

 चाचांनी खांद्यावरची पडशी निंबाला अडकवली. “मले लहानपणीच येऊन गेल्या. या पोराइले टोचलं हाय. आमाले काय होते?” असे म्हणत ते घरामागे आले आणि त्यांनी कुदळ माझ्या हातून घेतली. सवयीने, त्यांच्यात कबर खणतात तशी, उत्तर-दक्षिण रेघ आखली, आणि थांबून विचारले, “तुमच्यात डोस्कं कोण्याकडे ठेवतेत, मास्तर?” पश्चिमेकडे, मी म्हणालो. त्यांनी रेघ पायाने पुसली आणि दुसरी आखली. तेव्हा मला पहिल्यांदा रडू फुटले.

चौघांनी आळीपाळीने खड्डा पुरा खणल्यावर तिला चाचांनी आणि मी उचलून आणले. माती लोटून झाल्यावर ते चौघे मान खाली घालून उभे राहिले, आणि सकाळचे ते शब्द माझ्या तोंडून एकेक करत निघाले. मला ते पटले होते असे नाही. माझ्या हातात दुसरे काही उरलेच नव्हते.

हा चमत्कार होता का, मला सांगता येत नाही. त्या दिवसांत माणसे त्या वाटेने जातातच. माझी एस्तेर परत आली नाही, हेही खरेच. देवाचे आभार मात्र मी त्याच दिवशी मानले.

हात झटकत चाचा संकोचाने म्हणाले, “मास्तर, आता पाणी पाजा.” मी घागर घेऊन विहिरीवर गेलो. तो रांजण भरायला किती खेपा लागतात, ते मला तेव्हा कळले.