बरणीतली गाठ

माझं शिक्षण तिसरीपर्यंत, पण डोळ्यांनी पाहिलेलं मी कुणाला खोटं ठरवू देत नाही. धाकट्या भावाच्या मांडीत, मांसातच, कवठाएवढी गाठ झाली. कॅन्सरची. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात ती काढली, तेव्हा डॉक्टरनं मला बोलावून दाखवली. काचेच्या बरणीत, औषधाच्या पाण्यात. आम्ही पेढे वाटले.

वर्षानं भावाच्या उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. विणायला मागावर बसवेना. त्याच डॉक्टरनं सुई घालून तुकडा काढला, तपासायला पाठवला. तपासणीचा कागद आल्यावर म्हणाला, "मांडीतला कॅन्सर लिव्हरमध्ये गेलाय. गाठी बऱ्याच आहेत, कापता येणार नाहीत. मुंबईला नवी इंजेक्शनं देतात. बरा होणार नाही, पण काही महिने मिळतील."

मी म्हणालो, "मांडीतली गाठ तुमच्या बरणीत आहे. ती लिव्हरात कशी जाईल? दुसऱ्याचा कागद आमच्या माथी मारू नका."

गाठ काढण्याआधीच रक्तातून तिचं बी गेलं असेल, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. मी ऐकलं नाही. घरात थोरला मी. माझ्या होकाराशिवाय भाऊ कुठं जाणार? पंधरा दिवस मी अडून बसलो. भावाचं जेवण निम्म्यावर आलं.

शेवटी डॉक्टरच वैतागला. "चला, बघून घ्या."

भावाला घेऊन मी डॉक्टरच्या मागोमाग बरण्यांच्या खोलीत गेलो. फळीवर बरण्याच बरण्या, लोणच्यासारख्या. शिपायानं आमची काढून दिली. मी ती उजेडात फिरवली, खालून पाहिली.

"हितंच हाय की!"

"वर्षभर कुलपात हाय मामा," शिपाई म्हणाला. "कुटं जातीय?"

"ऐकलंत?" मी डॉक्टरला म्हणालो.

भाऊ हसायला लागला. हसता हसता पोटात कळ आली, तसा भिंत धरून खाली बसला. तरी हसतच होता. "दादा, तू जिंकलास. आता माझ्या पोटात जी हाय, ती कुणाची का असंना, तिच्यावर इंजेक्शन घिऊ दे की."

त्याचा सदरा घामानं भिजला होता. मी बरणी शिपायाच्या हातात दिली.

"घे जा इंजेक्शन," भावाला म्हणालो. "पर डॉक्टरचं पटलं म्हणून न्हवं."

मुंबईच्या त्या लाल रंगाच्या इंजेक्शनांनी त्याचे केस गेले, भुवया गेल्या. उलट्या करता करता मला शिव्या घालायचा. पण गाठी आकसल्या, जेवण परत आलं. त्या थंडीत आमच्या कुंभारी गावच्या रानात तो हुरड्याला बसला आणि सगळ्यांना सांगू लागला, "माझा कॅन्सर हुडकायला दादानं दवाखान्याची फळी झडती घेतल्यागत तपासली!" लोक हसले. मीही हसलो.

उन्हाळा त्यानं पाहिला नाही. मी पंधरा दिवस आधी हो म्हणालो असतो तर काय झालं असतं, हे मी अजून कुठल्याच डॉक्टरला विचारलेलं नाही.